सासूबाईंचा पाला

“तुमच्या हातात कसे हो गप्प बसतात, जाईबाई? मला तर चावतो मेला!” असं म्हणत ज्ञानेश्वरी मॅडमनी उंदराच्या मागच्या पायात सुई टोचली.

पांढरा उंदीर माझ्या मुठीत एकदा चिरकला आणि परत निवांत झाला. या सुईने पायाला सूज येते. आधी अर्क पाजलेल्या उंदराची सूज कमी आली, तर औषध खरं. शेजारच्या पिंजऱ्यातल्यांना तुलनेसाठी नुसतं पाणी पाजलेलं, आणि पलीकडच्यांना कंपनीचं औषध. रत्नागिरीच्या या फार्मसी कॉलेजात मी कित्येक वर्षं उंदरांचं करतेय. भुसा बदलायचा, पाणी भरायचं, चाचणीच्या वेळी धरायचं. पण छाती अशी कधी धडधडली नव्हती, कारण आजचा अर्क आमच्या घरच्या पाल्याचा होता. आणि मला मनापासून वाटत होतं, सुजू दे. चांगला टम्म सुजू दे!

का ते सांगते. माझी सासू यमुनाबाई सांध्यांच्या सुजेवर पाला वाटून लावायची. पार संगमेश्वराहून माणसं यायची. पाला कुठला, हे तिच्याशिवाय कोणालाही ठाऊक नव्हतं. आमच्याकडे असलं औषध मरताना एकालाच सांगतात, दार लावून. दोघांना कळलं की गुण जातो म्हणे. घरात थोरली मी. अंथरुणाला खिळल्यावर तिचं हगणंमुतणं काढलं मी. आणि शेवटच्या दिवशी म्हातारीने हाक कोणाला मारली? रेणुकाला! माझ्या धाकट्या जावेला! दार लागलं आणि मी बाहेर पेजेचं भांडं धरून उभी. बऱ्याच वेळाने रेणुका डोळे पुसत बाहेर आली. दिवेलागणीला म्हातारी गेली.

झालं. तेव्हापासून माणसं रेणुकाकडे यायला लागली. “तुझ्या हाताला गुण हाय गो बाय,” म्हणून तिला नारळ देऊन जायची. मी आपली आतून त्यांच्यासाठी चहा पाठवणार. माझे स्वतःचे गुडघे सुजले, जिना चढताना ब्रह्मांड आठवायचं, पण तिच्यापुढे पाय पुढे केला नाही. मेले असते तरी केला नसता.

मॅडम सुजेवरची गावठी औषधं शोधतायत असं कळल्यावर त्यांना घरी घेऊन गेले ती मीच. रेणुका आधी नकोच म्हणाली.

“ऱ्हाऊ दे आक्का. उंदरांवर कशाला ता?”

“का गो? भितेस काय? खरा असला तर तुझाच नाव होईल,” मी म्हटलं. मला वाटलं, भाव खातेय. मॅडमनी फारच गळ घातली तेव्हा तिने घरामागच्या परड्यातलं झुडूप दाखवलं, तेही मान खाली घालून.

तर त्या दिवशी मॅडम दर तासाला पायांची सूज मोजत होत्या आणि मी उगाचच झाडू घेऊन पिंजऱ्यांपुढून फिरत होते. कंपनीच्या औषधवाल्यांची सूज उतरली. आमचे पाल्यावाले मात्र पाण्यावाल्यांसारखेच एक पाय उचलून बसलेले. संध्याकाळी मॅडम खुर्चीत टेकल्या.

“पुन्हा मोजून पाहिलं, जाईबाई. पाण्यात आणि यात काडीचाही फरक नाही. वाईट वाटतं हो, तुमच्या घरचं औषध होतं.”

“चालायचंच,” म्हणत मी तोंडाला पदर लावला. हसू आवरत नव्हतं.

एसटीत उभं राहून आले, पण गुडघ्यांची आठवणही झाली नाही. काय काय बोलायचं ते वाटभर जुळवत होते.

रेणुका पडवीत होती. खालच्या वाडीतला भिकू सुजलेला घोटा पुढे करून बसला होता आणि ती त्यावर वाटलेला पाला हळूहळू लावत होती. तो लंगडत गेला, आणि मी पायरीवरूनच तोफ डागली.

“तुझा पाला फुकटचा निघाला! नुसता पाणी पाजला तरी तेवढाच. कॉलेजात ठरला आज.”

वाटलं, रडेल, भांडेल. ती तांब्यातल्या पाण्याने हात धुवत राहिली.

“ता सासूबायचा पाला नायच आक्का. माझाच हाय.”

“म्हंजे?”

“त्यांनी मना कायच सांगितलान नाय. भायेर आले तर जो तो विचारी, काय सांगितलान, काय सांगितलान. नाय म्हटलं तर कोणाला पटेना. लपवतेय म्हणाले. तुम्हीपण म्हणालात. मग एक दिवस एक म्हातारा कळवळत आला, त्याला परड्यात दिसला तो पाला वाटून लावला. त्याला बरा वाटला. मग मना थांबवता नाय आला.”

इतकी वर्षं जिच्यावर जळले, तिच्याकडे काही नव्हतंच! खरं तर मी नाचायला हवं होतं.

“मग दार लावून करत काय होतात?”

“केस विंचरून घेतलान. नीट अंबाडा घाल म्हणाल्या. आता चार माणसा बघायला येतील, अशा झिपऱ्या घेऊन कशी जाऊ. केस सोडून बसायची लाज, म्हणून दार लावायला लावलान.”

“मी भायेरच होते ना गो. मना का नाय हाक मारलान?”

रेणुकाने तांब्या उचलून परत खाली ठेवला.

“सांग ना!”

“आक्काचा हात जड, म्हणाल्या. ओढते.”

मी पायरीवरच बसले. पाल्याचं आता काही वाटत नव्हतं, जळो तो पाला. पण केस मी विंचरले असते. खोबरेल कोमट करून, हलक्या हाताने, एकही केस न ओढता विंचरले असते. मी दोन्ही तळवे रेणुकासमोर धरले. त्यांना अजून भुशाचा वास येत होता.

“जड?” मी म्हटलं. “अगो रेणुका, माझ्या हातात उंदीरसुद्धा गप बसतात.”