दारावरचं वाण

"पोरी, असलं वाण घेऊ नगस," संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला शेजारच्या कौसल्याकाकू प्रगतीच्या कानाशी लागल्या होत्या. "दारावर चिकटवायचं वाण मी साठ वर्सांत बघितलं न्हाय."

प्रगतीनं हसण्यावारी नेलं. सवाष्णीनं हातावर ठेवलेलं वाण परत कसं करायचं? सोनमवहिनींनी पिंपळीतल्या प्रत्येकीला स्टीलचा डबा आणि त्यात एक पिवळं स्टिकर दिलं होतं: 'हे घर भूमिपुत्राचं'. वहिनींचे मिस्टर विजयसिंह भूमिरक्षक दल चालवायचे. घरी येऊन प्रगतीनं ते चौकटीवर चिकटवलं, कडा नीट दाबल्या आणि फोटोही टाकला. काकूंनी डब्यात मेथ्या भरल्या. स्टिकर चुलीत गेलं.

प्रगतीचा नवरा ज्ञानेश एमआयडीसीत नऊ वर्षं कंत्राटी फिटर होता. दिवाळीनंतर कंपनीनं दीडशे जणांना 'ब्रेक' दिला, म्हणजे घरी बसवलं. महिन्याभरानं काम सुरू झालं, पण ठेकेदारानं ओडिशाहून आणलेल्या माणसांवर, निम्म्या पगारात. आधी ज्ञानेश ठेकेदाराला शिव्या द्यायचा. मग दलाच्या बैठकांना जायला लागला आणि ठेकेदाराचं नाव तोंडातून गेलंच. उरली फक्त 'ती लोकं'. प्रगती बी. कॉम. झालेली, एवढा फरक तिला कळत होता. पण माणूस घरात धुमसत बसण्यापेक्षा बाहेर पडतोय, हेच तिला बरं वाटलं.

'त्या लोकांतलं' एक जोडपं काकूंच्या मागच्या खोलीत राहायचं. लिपी आणि तिचा नवरा. लिपीचं बाळ प्रगतीच्या स्वरालीपेक्षा दोन महिन्यांनी लहान. लसीच्या रांगेत दोन्ही लेकरं एकदमच भोकाड पसरायची, आणि दोघी आया एकमेकींकडं बघून हसायच्या.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी, सकाळी दहाला, गल्लीच्या तोंडाशी पंधरा-वीस पोरं आली. आरडाओरड नव्हती, आणि त्याचीच प्रगतीला जास्त धास्ती वाटली. स्टिकर असलेली दारं सोडून ती पुढं सरकत होती. ओडिशाची माणसं राहायची त्या बिरूच्या चाळीतून एक गॅसची टाकी बाहेर आली, मग गाद्या, मग एक पंखा. टाकी ज्ञानेशच्या खांद्यावर होती.

पुढचं बिनस्टिकरचं दार काकूंचं.

प्रगतीनं स्वरालीला कडेवर घेतलं आणि नखांनी आपल्या चौकटीवरचं स्टिकर ओढलं. एक कोपरा फाटला. धावत जाऊन तिनं ते काकूंच्या दारावर लावलं. डिंक धरेना, म्हणून तळव्यानं दाबून उभी राहिली. पाठीमागं दाराच्या आत लिपीचं बाळ खोकत होतं.

"वहिनी, हात दुखंल की," विजयसिंह म्हणाला. पोरं हसली.

"काकू हितल्याच हायत. त्यांच्या सासऱ्यांनी तुमच्या शाळेला जागा दिलीय."

"काकूंशी भांडण न्हाय. भाडेकऱ्याचं बोलतोय आमी."

दार उघडून काकू बाहेर आल्या. "विज्या, तुझी मुंज व्हायची राहिलीय का रं? का अजून चड्डीतच कारभार करतोस? तुमास्नी कामावरनं काढलं कुणी? जावा की त्याच्या बंगल्यावर. तितं कुत्री मोठी हायत म्हणून भ्या वाटतंय व्हय?"

कुणीतरी फिसकन हसलं. विजयसिंह मात्र हसला नाही. "सहा वाजेपर्यंत खोली मोकळी पायजे. ज्ञानेशराव, मंडळींना घरी न्या तुमच्या."

ज्ञानेशनं टाकी खाली ठेवली. प्रगतीचं मनगट धरून त्यानं ते दारापासून सोडवलं. फार हळू, स्वरालीला धक्का लागू नये असं. प्रगतीला त्यापेक्षा ओरखडा आला असता तर बरं वाटलं असतं.

दुपारी जेवताना त्यानं विचारलं, "काकूंच्या दाराला कुलूप हाय. कुठं गेली सगळी?"

काकू तिला सांगूनच गेल्या होत्या. भावाच्या पेरूच्या बागेत, इंदापूरच्या बाजूला. मागच्या दारानं, लिपीचं बाळ स्वतःच्या पदराखाली घेऊन.

"सोमेश्वरनगरला, पाव्हण्यांकडं," ती म्हणाली. मग त्याच्या भातावर वरण वाढलं.

ज्ञानेशनं डाव्या हातानं मोबाईल घेतला आणि तिच्यासमोरच टाइप केलं. पाठवलं. मग भाताचा घास घेतला. दलानं सहापर्यंतची मुदत दिली होती, आणि अजून दुपारच होती.

संध्याकाळी दलाच्या दोन जीपा सोमेश्वरनगरच्या रस्त्याला लागल्या आणि रिकाम्या परत आल्या. तेव्हापासून ज्ञानेश तिच्याशी बोलत नाही. तिचा फोन त्याच्या खिशात असतो, आणि दळणाला गेली तरी सोनमवहिनींची जाऊबाई मागं मागं येते. त्यात आज चौथा दिवस. मंगळवारी दळणाच्या गिरणीत जाऊबाईंची नजर चुकवून एका बाईच्या फोनवरून तिनं काकूंना लावून बघितलं, फोन बंद. बाळाचा खोकला तर रविवारीच छातीत उतरलेला होता.

गावाचं नाव प्रगती या गोष्टीतही सांगणार नाही. पण तुम्ही इंदापूरच्या बाजूला राहत असाल आणि जवळच्या एखाद्या पेरूच्या बागेत कुणी साठीची बाई, परमुलखातलं जोडपं आणि खोकणारं लेकरू आलेलं असेल, तर एकदा जाऊन या. कुठून आलात, विचारू नका. बाळाला डॉक्टरकडं नेलंय का, एवढं बघा. नेलं नसेल तर तुम्ही न्या. आजच जा.