मामाचा दंड

दादानं दारातच शर्टाची बाही वर सारली आणि दंडावरची बारीकशी पट्टी मला दाखवली.

“परवा घेतलं इंजेक्शन. रडलो नाही. आता दे बाळ.”

मी दार अर्धंच उघडलं होतं.

दादा म्हणजे प्रीतम, माझा थोरला भाऊ. एकतीस वर्षांचा, डाऊन सिंड्रोम असलेला. सावनेरहून नागपूरला एकटा बसनं येतो, कुठं उतरायचं ते कंडक्टरलाच आधी बजावतो. माझा प्रशिक पाच महिन्यांचा झाला, पण सासूबाईंनी दादाला त्याला एकदाही शिवू दिलं नव्हतं. ‘त्याचं पोराले लागन,’ एवढंच. हे जन्मापासूनचं असतं, लागत नसतं, म्हणून मी रोज भांडले. शेवटी त्यांनी अट घातली, आधी फ्लूची लस घेऊन ये म्हणावं. दादानं घेतली.

आणि आज प्रशिकलाच ताप, खोकला. आज मामा येणार, हे सकाळी सांगितलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, बाळ यातून निघेल, मामाला मात्र लांब ठेवा. अशा माणसांना छातीचा संसर्ग जड जातो. लस द्यायचीच, पण तिचा जोर त्यांच्यात कधी कमी पडतो, आणि तो यायलाच दोनेक आठवडे लागतात. मी आईला फोन केला तोवर दादा बसमध्ये बसला होता.

“दादा, बाळ बिमार आहे. त्याचं तुले लागन.”

“मी हात धुतले ना वं.”

“तरी नको.”

मागून सासूबाई आल्या. “आलं ना ध्यानात? मी का वेगळं सांगून राहिली होती वं?”

मी वळून सांगितलं, बाळाला नाही, मी दादाला जपतेय. त्या हसल्या. कोणालेही जप, दार तर तूच अडवलं, म्हणाल्या.

दादा एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला. लग्नाच्या पंगतीत, शेजाऱ्यांच्या ओट्यावर त्याला असं पुष्कळदा परतवलेलं. माझ्या दारातून पहिल्यांदाच.

“म्हंजे मावशी खरं सांगत होती,” सासूबाईंकडे बोट करत तो म्हणाला.

बाही खाली ओढून त्यानं बटण लावलं. पायरीवर बस, चहा आणते, असं मी म्हणेपर्यंत तो जिना उतरू लागला होता.

वरच्या मजल्यावरच्या आजी कठडा धरत खालून चढत येत होत्या. ओळखीनं त्यांनी त्याच्या गालाकडे हात नेला. दादा भिंतीला चिकटला, तोंडावर पंजा दाबला.

“आजी, तिकडून जा. माह्यापासून लागते.”

आणि आजी जिन्याच्या वळणापलीकडे जाईस्तोवर तो श्वास रोखून उभा राहिला.