बोथट सुया

आत्याचे गुडघे खरंच दुखतात की ती उगाच कण्हते, यावर तिच्या घरात वर्षानुवर्षं खल चालू होता आणि निकाल कायम आत्याच्या विरुद्ध लागायचा. फोटो काढले, रक्त तपासलं; झीज निघाली ती वयाला साजेशी. मुलाच्या हाती आयतंच कोलीत मिळालं. "आईचं सगळं मनाचं आहे," हे त्याचं पालुपद. वाईट नव्हता हो तो. औषधं वेळच्या वेळी आणून द्यायचा, फक्त देताना तोंड वाकडं करायचा.

आत्याची भाची इस्पितळाच्या वेदना विभागात ॲक्युपंक्चर करायची. रीतसर शिकलेली, पण सगळा मजला तिला सुईवालीच म्हणायचा आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. आई गेल्यावर आत्यानंच तिला वाढवलं होतं. त्यामुळे मोठ्या डॉक्टरीणबाईंनी जुन्या गुडघेदुखीवर अभ्यास काढला, तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे पहिली आत्याच आली. अभ्यास असा: नेहमीच्या गोळ्या आणि व्यायाम सगळ्यांना, आणि जोडीला निम्म्यांना खऱ्या सुया, निम्म्यांना खोट्या. खोटी सुई म्हणजे नाटकातला खंजीर. टोक बोथट, दाबली की दांड्यात सरकते. टोचल्यासारखं वाटतं, पण आत काही जात नाही. कुणाला काय मिळतंय हे फक्त सुईवालीला ठाऊक; पेशंटला नाही आणि गुडघे तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनाही नाही. आणि आपल्या नात्यातलं माणूस घ्यायचं नाही, हे तर सगळ्यांना आधीच बजावलेलं.

आडनावं वेगळी होती. सुईवालीनं तोंड मिटून घेतलं आणि आत्यालाही पढवून ठेवलं की तिथे ओळख दाखवायची नाही. आत्याला त्याची भारी गंमत. "अहो मॅडम, चपला कुठे काढू?" असं गंभीर चेहऱ्यानं विचारायची आणि हसू दाबायची. संमतीच्या कागदावर स्वच्छ लिहिलं होतं की खोट्या सुयाही वाट्याला येऊ शकतात. तिनं तो वाचलासुद्धा नाही. सही करताना कुजबुजली, "तू असताना मला कशाला खोट्या मिळतील?"

कुणाला काय द्यायचं, ते संगणक ठरवायचा. पडद्यावर आलं: खोटी.

तेव्हाच उठून सांगायला हवं होतं, की ही माझी आत्या आहे, हिला वगळा. बोलणी खावी लागली असती, कदाचित कामही गेलं असतं. सुईवाली जागची हलली नाही. मनात आलं, गुपचूप खऱ्याच देऊ, कोण बघतंय? तेवढंही धाडस झालं नाही. लबाडी करायची आणि तीही नियमानं, असला सगळा कारभार! दर खेपेला आत्या विश्वासानं पाय पसरून पडायची आणि ही त्या बोथट सुया एकेक करून दाबत जायची. "बरं वाटतंय गं," आत्या डोळे मिटून म्हणायची, आणि लगेच जीभ चावून "मॅडम" जोडायची. लाजेनं सुईवालीचे कान तापायचे.

आणि कहर म्हणजे आत्याला खरंच बरं वाटू लागलं. बाजारात चालत जायला लागली, शेजारणींना गुडघे वाकवून दाखवले. मुलालाही सुनावलं, की मनाचं असतं तर सुयांनी गेलं असतं का रे? तो पहिल्यांदाच गप्प बसला. हे सांगताना आत्या इतकी खुलली होती, की सुईवालीला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

अभ्यास संपला. कुणाला काय दिलं होतं, ते प्रत्येकाला समोर बसवून सांगायचं ठरलं. आदल्या संध्याकाळी सुईवाली सगळं कबूल करायचं ठरवून आत्याकडे गेली. आत्यानं तिच्या पुढ्यात ताट ठेवलं. ती जेवली आणि परत आली.

डॉक्टरीणबाईंनी फार मायेनं समजावलं. सुया खोट्या होत्या, पण तुम्हाला पडलेला आराम खरा आहे. शरीर स्वतःच दुखणं कमी करू शकतं, यात कमीपणा काही नाही. आत्या ऐकत होती की नाही, देव जाणे. तिनं सुईवालीकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर परवडलं असतं.

"म्हणजे काहीच टोचलं नव्हतं," आत्या म्हणाली. "मग इतकी वर्षं मी नाटकच करत होते का हो?"

डॉक्टरीणबाई घाईनं नाही म्हणाल्या. सुईवालीच्या तोंडून तेवढंही निघालं नाही. हेच गुडघे तिनं लहानपणी तासन्‌तास चोळले होते. ते दुखणं खरं होतं, हे तिच्याइतकं छातीठोकपणे जगात कुणी सांगू शकलं नसतं. पण सांगायचं तर नातं उघडं पडलं असतं, आणि समोर डॉक्टरीणबाई बसल्या होत्या.

बाहेर मुलगा न्यायला आला होता. डॉक्टरीणबाई निरोप द्यायला दारापर्यंत आल्या, मागोमाग सुईवाली. मुलालाही गुपित ठाऊक होतं. मामेबहिणीकडे न बघताच त्यानं आईला विचारलं, काय निघालं. सुईवालीनं तोंड उघडलं, पण आत्याच आधी बोलली.

"खोट्या होत्या. तुझंच बरोबर होतं रे."

तो हसला. कुत्सित नाही, अगदी मोकळं हसला. आईला काही झालेलंच नाही, याहून चांगली बातमी कोणती? आत्या सवयीनं लिफ्टकडे वळली होती. त्यानं तिला हाताला धरून जिन्याकडे आणलं, लिफ्टचे लाड आता पुरे म्हणाला आणि पुढे उतरू लागला.

आत्याचा हात कठड्यावर गेला. तेवढ्यात मुलानं मागे वळून पाहिलं, तसा तिनं तो काढून घेतला आणि ओठ आवळून, कशाचाही आधार न घेता उतरत गेली.

"गोड आहेत हो बाई," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आधीची ओळख होती का तुमची?"

"नाही," सुईवाली म्हणाली. "पेशंट होत्या."