पैलवानाची पकड आणि बायडाक्काचा शालू

मी एक जुनी शिलाई मशीन आहे, मित्रांनो. माझा काळा रंग जागोजागी उडाला आहे, अंगावरची सोनेरी वेलबुट्टी आता शोधावी लागते, आणि पायडल हलवलं की मी थोडी कुरकुरते. ह्या वयात कोण कुरकुरत नाही? पण माझ्या माथ्यावर एक छोटा स्क्रू आहे, आणि त्याच्या खाचेत चिमूटभर गुलाल आहे. तो तिथं कसा आला, ते सांगायला मी आज बसले आहे. तशी मी नेहमी बसलेलीच असते म्हणा.

माझा जन्म विलायतेतल्या कारखान्यातला. धूर, ओतीव लोखंड आणि ठोकाठोकी, त्यात कौतुकाचं फारसं काही नाही. पुढं बोट, मग आगगाडी आणि शेवटी बैलगाडी असं करत मी कोल्हापुरात आले. तेव्हा महाराजांचं राज्य होतं. खासबागेत कुस्तीच्या मैदानाचं बांधकाम चालू होतं, आणि शहरात ज्याच्या त्याच्या तोंडी कुस्ती. मला घेतलं तो लालासाबही पैलवानच. गुडघा दुखावला, तालीम सुटली, म्हणून त्यानं वडिलांचं शिलाईचं दुकान धरलं. रोज दुकान उघडलं की तो माझ्या चाकाला हात लावायचा आणि तोच हात कपाळाला लावायचा, तालमीतल्या मातीला लावतात तसा. विलायतेत मला असं कुणी केलं नव्हतं.

आमच्याकडं सदरे यायचे, बंड्या यायच्या, पण सगळ्यात जास्त यायचे ते पैलवानांचे जांघिये. जाड कापडाचे, चार पदरी! आता माझी ठेवण ऐका. सुईजवळ माझा एक लोखंडी पाय आहे, तो वरून कापड दाबतो. खालचे बारीक दाते कापड पुढं नेतात. पायाचा दाब कमी-जास्त होतो तो माथ्यावरच्या स्क्रूनं. जांघियांसाठी लालासाबनं तो स्क्रू जो करकचून आवळला, तो तसाच ठेवला. त्याच्या मते पकड म्हणजे पकड. ती ढिली करतो तो चीत होतो.

एकदा चैत्राच्या तोंडावर पंचगंगेपलीकडच्या गावातून बायडाबाई आली, सगळ्यांची बायडाक्का. ठसक्याची बाई. तिनं गाठोडं सोडलं आणि आतून निघाला डाळिंबी रंगाचा रेशमी शालू.

"लालासाब, माझ्या लग्नातला हाय. मालक गेलं, आता पेटीत ठेवून काय करू? जोतिबाच्या यात्रेत ती उंच सासनकाठी नाचवत्यात न्हवं, तिला ह्येचं निशाण शीव. आत सुती अस्तर घाल, वाऱ्याला टिकंल."

"हातानं शिवू का, आक्का?"

"हातानं नगं! गेल्या साली हाताचाच टाका हुता की. वाऱ्यानं उसावला, निशाण काठीला गुंडाळलं आन् एवढी उंच काठी कलली. पडता पडता ऱ्हायली." मग तिचा आवाज जरा खाली आला. "औंदा काठी माझा कृष्णात पेलणार हाय. बापाच्या जागी. पयलंच साल हाय पोराचं."

लालासाबनं शालू दोन्ही हातांनी घेतला. त्यानं निशाणाचं कापड बेतलं, खाली सुती अस्तर ठेवलं, वर रेशीम, आणि आम्ही निघालो. टाका कसा मोत्यासारखा पडत होता! पण शिवण संपली तेव्हा अस्तर आधीच संपलेलं आणि वरचं रेशीम चार बोटं उरलेलं. सगळं निशाण पिळवटलं होतं. असं निशाण वाऱ्यात सरळ कशाला राहतंय?

त्यानं शिवण उसवली. रेशमावर सुईच्या भोकांची रांग उमटली. आणखी एकदा उसवलं असतं, तर शालू तिथंच फाटला असता. आणि दुसरा शालू बायडाबाईकडं कुठला?

लालासाबच्या कपाळावर घाम आला. "पकड कमी पडती," तो पुटपुटला आणि त्यानं स्क्रू आणखी पिळला. माझा जीव कळवळला. बेतताना उरलेल्या पट्टीवर त्यानं शिवून पाहिलं. रेशीम आणखी जास्त सरकलं. नेमकी त्याच घटकेला बायडाबाई दारात उभी.

"अगं बया! ही भोकं कसली?"

"कापड सराकतंय, आक्का. जेवढं दाबतोय तेवढं निसटतंय."

"एवढा पैलवान तू! शालू धरंना व्हय तुला?"

दुकानाला लागूनच घर होतं. लालासाबची बायको हुसेनबी काठवटीत भाकरी थापत होती. ती आतूनच म्हणाली, "आक्का, त्येंनी धरलंय म्हणूनच निसटतंय. अवं पैलवान, हिकडं या जरा."

तो गेला. मला दारातून सगळं दिसत होतं. हुसेनबीनं पिठावर हलका हात ठेवला. भाकरी तिच्या तळव्याखाली आपली आपण गोल फिरली.

"आता तुमी थापा."

लालासाबनं हात ठेवला. भाकरी जागेला चिकटली आणि मधोमध फाटली.

बायडाबाई खो खो हसली. "चीत केलास की रं भाकरीला!"

"बघितलंसा?" हुसेनबी म्हणाली. "हात जड पडला की भाकरी अडती. तुमच्या मशीनचा हात जड झालाय. तिनं वरचा शालू अडवलाय आन् खालचं अस्तर पुढं पळतंय. तिला काय जांघिया शिवायचाय?"

लालासाबनं हाताचं पीठ झटकलं. येऊन त्यानं माझा स्क्रू सोडला. मित्रांनो, किती दिवसांनी मी मोकळा श्वास घेतला! आनंदाच्या भरात मी पट्टी अशी काही शिवली की शिवण नागमोडी गेली. दाब फारच कमी झाला होता. मग त्यानं स्क्रू थोडा फिरवला, पुन्हा पट्टीवर पाहिलं, आणखी किंचित फिरवला. आता दोन्ही पदर बरोबर चालू लागले. तरी त्यानं शालूला आणि अस्तराला आधी हातानं धावदोरा घातला, म्हणजे वाटेत कुणी कुणाची साथ सोडायला नको.

मग खरी शिवण. हुसेनबीनं त्या फाटक्या भाकरीचा भाजलेला तुकडा बायडाबाईच्या हातात दिला होता. तो तिनं तसाच धरून ठेवला. लालासाबचे दांडगे हात कापडावर नुसते टेकले होते, ना ओढणं ना दाबणं. मी सावकाश चालले. शेवट आला. रेशमाची कड आणि अस्तराची कड अगदी एकमेकींवर.

बायडाबाईनं गार झालेला तुकडा तोंडात टाकला. "मीठ कमी हाय गं हुसेनबी," ती म्हणाली आणि पदरानं डोळे टिपले.

यात्रेच्या दिवशी लालासाबनं एक टाका घातला नाही. सारखा उठून डोंगराच्या दिशेला बघायचा. दोन दिवसांनी दारात एक गुलाबी माणूस उभा राहिला. दात तेवढे पांढरे. आवाजावरून कळलं, कृष्णात.

"मामा, वारं लई हुतं! पर निशाण कसं ताठ फडफडलं! काठी तसूभर हलली न्हाय!"

"तसूभर बी न्हाय?"

"जराशी हलली असंल. पर आई म्हणती न्हाय हलली, म्हंजे न्हाय हलली."

तो लालासाबच्या पाया पडला, हुसेनबीच्या पडला, आणि मग त्यानं मूठभर गुलाल माझ्या माथ्यावर वाहिला. "ही बी यात्रेला आलती म्हणायची," म्हणाला. हुसेनबीनं मला हसत हसत पुसलं, पण स्क्रूच्या खाचेपाशी तिचं बोट थांबलं. तेवढा गुलाल तिनं राहू दिला.

पुढं विजेवर पळणाऱ्या मशिनी आल्या आणि मी कोपऱ्यात गेले. माझ्यावर पोती पडली, कोंबडीनं एकदा अंडंही घातलं. रागावले नाही, तेवढं एक तरी ऊबदार होतं. आता लालासाबची पणती सलमा मला अधूनमधून तेल देते.

तुमच्याही घरात माझी एखादी बहीण असेल, मित्रांनो. तिला धुळीत टाकू नका. कापड बदललं की तिचा दाब आधी चिंधीवर पाहा, आणि कापड सरकलं म्हणून तिला आवळत सुटू नका. तिचा हात कुठं जड झाला आहे, ते बघा. मला पुसायला कधी आलात तर खुशाल चकचकीत पुसा. फक्त स्क्रूच्या खाचेपाशी जरा थांबा. मी आजवर एकच यात्रा केली आहे, आणि ती तिथं आहे.