सरकीची तहान

विजयमालाबाईंनी सकाळी उशाचा तांब्या उचलला, तर तो रिकामा. पुन्हा रिकामा! झाकणी जशीच्या तशी, झाकणीवर मुद्दाम ठेवलेला पितळी खल जागच्या जागी, आणि आत पाण्याचा थेंब नाही. पायथ्याशी सरकी बसलेली, जिभेनं पंजे चाटत, जणू या घरात आजवर कुणी पाणी चोरलंच नाही.

"अजी, पाह्यलं का?" बाई कडाडल्या. "खल उचलते, पानी पेते अन् परत झाकून ठेवते! हे मांजर हाये का मानूस?"

रामराव अंथरुणात गुडघे चोळत बसले होते. त्यांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण बाई तोवर मोरीत पोचल्या होत्या. तिथल्या बादलीच्या काठावरही ओले पंजे उमटलेले. बाईंनी कपाळाला हात लावला.

सरकी चांगली चौदा-पंधरा वर्षांची म्हातारी मांजर. लेक सुरभी शाळेत होती तेव्हा कापसाच्या जिनिंगच्या आवारात सरकीच्या ढिगावर हे पिल्लू सापडलं, म्हणून नाव सरकी. "मले घरात जनावर नको," असं बाईंनी तेव्हा ठणकावून सांगितलं होतं, आणि दुसऱ्याच दिवशी स्वतःच्या वाटणीचं दूध बशीत ओतलं होतं. पुढे सुरभी लग्न होऊन नागपूरला गेली. मांजर राहिली, आणि बाईंच्या पायांवर झोपू लागली. बाई बोलायला लागल्या की मान वर करून ऐकणारं घरात आता तेवढंच एक होतं. रामरावांनी मध्ये बोलायचा नाद कधीच सोडला होता.

त्याला कारण होतं चक्की. बाईंची पिठाची चक्की घराच्या ओसरीतच. चक्की सुरू असली की समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून गिऱ्हाइकानं डबा ठेवला की बाईच सांगणार, "ज्वारी! जाड! मागच्यासारखी!" गिऱ्हाइकानं फक्त मान हलवायची. वर्षानुवर्षांच्या या धंद्यानं बाईंचा आवाज चढला तो उतरलाच नाही, आणि समोरचा काय बोलणार ते आपल्याला आधीच कळतं अशी त्यांची खात्री झाली. बहुतेक वेळा कळतही होतं, हीच तर अडचण.

तर दिवाळीनंतर कधीतरी सरकीला ही तहान लागली. बशी संपवून बादली, बादलीवरून तुळशीची कुंडी, तिथून गाडगं. शेजारच्या रुखमाबाईंनी घराच्या कामासाठी रेती टाकली होती, त्यात सरकीनं जागोजाग ओले गोळे करून ठेवले. रुखमाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"विजू, तुही मांजर माही सारी रेती भिजवून राह्यली."

"पेते म्हून मुतते! मी काय तिच्यामागं डबा घेऊन फिरू?"

"गरमीनं होत असन."

"कायची गरमी? पूसचा महिना सुरू हाये! मानसं शेकोटीपासून हालून नाई राह्यली!"

तरी सगळ्यांकडे सल्ला होताच. कुणी म्हणालं नजर लागली. कुणी म्हणालं दूध बंद करा, कुणी म्हणालं दुधाशिवाय काही देऊ नका. सुरभी फोनवर म्हणाली, "आई, तिचं वय झालं आता." त्यावर बाईंनी फोनच ठेवून दिला. वय झालं म्हणे! वय तर रामरावांचंही झालं होतं. म्हणून काय त्यांना रेतीत सोडून द्यायचं?

ढोराच्या दवाखान्यात त्या सरकीला डाल्यात घालून, वर फडकं बांधून घेऊन गेल्या. तिथे रांगेत एक बैल, तीन शेळ्या आणि फुगलेली म्हैस. डॉक्टर भले होते, पण त्यांनी डाल्यात डोकावून हात मागे घेतला. "बाई, मांजरीचं रक्त तपासाची सोय नाई अथी. यवतमाळले जा." बाईंचा संताप असा झाला की परत येताना त्यांनी वाटेत भेटलेल्या धनसिंग दूधवाल्यालाही झापलं. दुधात पाणी घालतोस म्हणूनच मांजरीला पाण्याची चटक लागली, असं. बिचारा धनसिंग कॅन घेऊन उभाच राहिला.

मग यवतमाळ. रामराव सोबत आले, डालं मांडीवर धरून. एसटीत आयुष्यभर ड्रायव्हर असलेला माणूस, क्लच दाबून दाबून डावा गुडघा गेलेला, आता मागच्या सीटवर मांजर घेऊन बसला होता. तरी पाय अलीकडे बरे होते. बसमध्ये चढताना त्यांनी दांडा धरला नाही, आणि ते बघून बाईंना त्या वैतागातही बरं वाटलं.

यवतमाळला प्रेरणा मॅडमचा कुत्र्या-मांजरांचा दवाखाना होता. मॅडम तरुण, शांत. त्यांनी सरकीचं पोट चाचपलं, पाठीची कातडी चिमटीत धरून पाहिली आणि कपाळाला आठी घातली.

"कातडी फार पातळ झाली आहे. पोटही सुटलंय. भूक कशी आहे?"

"राक्षसासारखी!" बाई म्हणाल्या. "अन् उड्या मारते! दिवाळीपर्यंत लंगडत होती, पायरी चढत नव्हती. आता कपाटावर जाते!"

"लंगडत होती ती आपोआप बरी झाली? काही औषध चालू आहे का? गोळी, इंजेक्शन?"

"ते..." रामराव म्हणाले.

"काही नाई!" बाई म्हणाल्या. "गोळी देनारं कोन हाये? घरात मीच. बोटं फोडून ठेवते ते!"

मॅडमनी रक्त घेतलं. साखर जास्त निघाली. पण मांजर नुसती घाबरली तरी रक्तात साखर चढते, म्हणून लघवी तपासायलाच हवी, असं त्या म्हणाल्या. "तिच्यासाठी एक पाटी ठेवा, आणि तिच्यात रेतीऐवजी पाणी न शोषणारं काहीतरी पसरा. खाली जमा होईल ते बाटलीत भरून आणा."

आता पाणी न शोषणारं काय ठेवायचं? बाईंनी तूर ठेवली, ती फुगली. बारीक गिट्टी ठेवली, सरकीनं तिच्याकडे पाठ फिरवली आणि रुखमाबाईंच्या रेतीत गेली. प्लास्टिकच्या पिशव्या फाडून ठेवल्या, त्यांच्या आवाजानं ती कपाटावर जाऊन बसली. बाईंच्या नाकी नऊ आले. त्या पाटीसमोर बसून मांजरीला शिव्या देत होत्या, विनवत होत्या, आणि मध्येच डोळे पुसत होत्या. कारण दिवसभर राक्षसासारखी खाऊनही सरकीच्या पाठीचे मणके आता हाताला लागत होते.

शेवटी रामरावांनी शेतातली ठिबकची जुनी नळी आणली आणि ओसरीत बसून कात्रीनं तिचे बोटाच्या पेराएवढे तुकडे केले. काळ्या तुकड्यांनी पाटी भरली. सरकीनं हुंगलं, उकरलं आणि बसली. बाईंनी चक्की बंद केली, गिऱ्हाइकं ताटकळत ठेवली, आणि हात जोडून उभ्या राहिल्या.

ती बाटली फडक्यात गुंडाळून दोघं पुन्हा बसमध्ये. डालंही सोबत, कारण मॅडमनी सरकीलाही आणायला सांगितलं होतं. कंडक्टरनं विचारलं, "काकू, तूप हाये का?" बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं तिकीट फाडून मुकाट्यानं पुढची सीट गाठली.

मॅडमनी बाटलीत पट्टी बुडवली. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "साखर आहे. मधुमेह झालाय तिला. किडन्या ठीक आहेत."

एवढ्या दिवसांनी एक नाव हाती लागलं. बाई खुर्चीत बसल्या. पण मॅडम अजून सरकीच्या कातडीकडेच बघत होत्या.

"नुसत्या मधुमेहानं कातडी अशी होत नाही. हे स्टिरॉइडनं होतं. ते पोटात जात असेल तर आधी ते शोधायला हवं, नाहीतर मी काहीही दिलं तरी ही वाचणार नाही. औषध नक्की काही नाही?"

"म्या तं सांगतलं ना, मॅडम..."

"काकू, तुम्ही नाही," मॅडम म्हणाल्या. "काका, त्या दिवशी तुम्ही काहीतरी सांगत होता."

बाईंनी वळून पाहिलं. रामरावांनी सदऱ्याच्या खिशातून कागदाची पुडी काढली आणि टेबलावर ठेवली. आत बारीक पांढऱ्या गोळ्या होत्या. कसला छाप नाही, नाव नाही.

"माह्या गुडघ्याच्या हायेत. बाजाराच्या दिवशी एक डॉक्टर बसते, तो देते. मले फरक पडला. ही पन लंगडत होती, पायरीखाली बसून माह्याकडं पाहे. म्हून तिले चौथाई देतो रोज, दुधात." त्यांनी पुडी मॅडमकडे सरकवली. "माह्या वाटची चौथाई."

"अजी!" बाई उठल्याच. "अन् म्या दोन महिने ऊर फोडून घेऊन राह्यली! सांगाले काय झालं होतं तुमाले?"

"सांगतच होतो."

"कवा?"

रामरावांनी मॅडमकडे पाहिलं. "काही नाई!" हे आपलेच शब्द बाईंच्या कानात पुन्हा वाजले, याच खोलीतले, याच आवाजातले. त्या खाली बसल्या.

मॅडमनी एक गोळी उचलून उजेडात धरली. "तपासल्याशिवाय खात्रीनं सांगता येणार नाही. पण लक्षणं तीच आहेत. हे एकदम बंद करायचं नाही, मी सांगते तसं हळूहळू कमी करायचं. इन्सुलिन लागेल. कदाचित सावरेल, कदाचित पुढे इन्सुलिनची गरजही राहणार नाही. जुनी आहे, चिवट दिसते." मग त्यांनी गोळी पुडीत ठेवली आणि रामरावांकडे नीट पाहिलं. "काका, तिला चौथाई, मग तुम्ही पाऊण घेता. कधीपासून?"

"पावसाळ्यापासून."

"चेहऱ्यावरची ही सूज त्याचीच असेल," मॅडम म्हणाल्या.

बाईंनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. गाल वर आले होते, गोल, तुकतुकीत. "माह्या हातच्या भाकरीनं तब्येत सुधारली," असं त्यांनी चक्कीवर येणाऱ्या प्रत्येकीला सांगितलं होतं. आता त्या गालांकडे त्यांना बघवेना.

"पाणी किती पिता?" मॅडमनी विचारलं.

उत्तर बाईंच्या जिभेवर तयार होतं. थंडीत कायचं पानी पेतात, चहा तेवढा पेतात! तोंड उघडलंही होतं. मग त्यांना तांब्या आठवला. झाकणी आठवली, झाकणीवरचा खल आठवला. मांजर दोन पंजांनी तो खल कसा उचलत असेल हे त्यांनी अख्ख्या गल्लीला हातवारे करून दाखवलं होतं, आणि रामराव तिथेच पायरीवर बसून ऐकत होते.

बाईंनी तोंड मिटलं.

"तांब्या मीच पेतो," रामराव म्हणाले. "सरकी बादलीतलं पेते. खल मीच उचलतो अन् मीच ठेवतो. हिची झोपमोड नको म्हून, आवाज न करता."

मॅडमनी चिठ्ठी लिहिली आणि समोरच्या लॅबमध्ये आजच रक्त द्यायला सांगितलं. माणसांच्या डॉक्टरला ही पुडी दाखवा, आणि त्यांनी सांगितल्याशिवाय स्वतःहून गोळी बंद करू नका, हेही बजावलं.

लॅबच्या बाकड्यावर दोघं बसले, मध्ये डालं. बाईंना राग आला होता. त्या बाजारातल्या डॉक्टरवर आला होता, रामरावांवर आला होता, आणि सर्वांत जास्त ज्या माणसावर आला होता त्याला झापायची सोय नव्हती. सरकीनं फडक्याखालून नाक बाहेर काढून रामरावांच्या बोटाला लावलं.

"अजी," बाई म्हणाल्या, "आनखी काय काय होते तुमाले?"

रामरावांनी घसा खाकरला. समोरच्या भिंतीकडे पाहिलं, डाल्यावरचं फडकं सारखं केलं. बाई काही बोलल्या नाहीत. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, तरी त्या बोलल्या नाहीत.

"सांगू?" रामरावांनी विचारलं.

"सांगा ना," बाई म्हणाल्या, पण इतक्या हळू की रामरावांना ऐकूच आलं नाही.

"आं?" ते म्हणाले, आणि कान बाईंकडे करून वाकले.