सिसिलिया नावाचा अर्थ

मुलगी दोन महिने आधीच जन्मली आणि महिनाभर काचेच्या पेटीत राहिली. आज तिचे डोळे तपासायचे होते. अशा बाळांच्या डोळ्यांत कधीकधी रक्तवाहिन्या भलत्याच वाढतात आणि नजर जाते, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितल्यापासून तिच्या मेकॅनिक बापाचा जीव टांगणीला लागला होता.

तपासणीच्या खोलीत बापाला मज्जाव. नुसतं बसण्यापेक्षा एक काम उरकावं म्हणून तो खालच्या जन्मनोंदणीच्या खिडकीशी गेला. फॉर्मवर बायकोची सही आधीच होती. नाव तिच्या आजीचं, सिसिलिया. खिडकीतल्या कारकूनबाईंना नावांचा भारी नाद.

"लॅटिन आहे हे," त्या सहज म्हणाल्या. "मूळ शब्दाचा अर्थ आंधळी."

मेकॅनिकच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने खिडकीतून हात घालून फॉर्म ओढून घेतला. बाई ओशाळल्या, ते खरं तर एका जुन्या रोमन घराण्याचं नाव, असं सांगू लागल्या, पण ऐकतो कोण? एरवी शकुन-अपशकुनाला हसणारा हा गडी दोन-दोन पायऱ्या चढत वॉर्डात पोचला. नाव बदलू, आत्ताच्या आत्ता, एवढंच बायकोला सांगत राहिला. कारण मात्र जिभेवर येईना.

"अर्थ कळला वाटतं तुला," बायको म्हणाली. "मला लहानपणापासून माहीत आहे. आजीच सांगायची, हसत हसत."

"आणि तरी तू हेच ठेवलंस?"

"महिनाभर याच नावाने हाक मारतेय तिला. माझा आवाज आला की हातपाय हलवते. आता दुसरं कुठलं नाव घेऊ?"

तो खाटेच्या कडेवर टेकला. दाराशी पावलं वाजली की दोघांच्या माना तिकडे वळत. अखेर डॉक्टरीणबाई आल्या. उजवा डोळा चांगला होता. डाव्याचं इतक्यात सांगता येत नव्हतं. दोन आठवड्यांनी पुन्हा बघायचं ठरलं.

ते दोन आठवडे कसे गेले ते त्या दोघांनाच ठाऊक. गॅरेजमध्ये त्याने एका गाडीचं चाक नट न आवळताच सोडलं. मालकाच्या वेळीच लक्षात आलं म्हणून निभावलं.

दुसऱ्या तपासणीच्या सकाळी, मुलीला आत नेल्यावर, तो पुन्हा खालच्या खिडकीशी गेला. निकाल यायचा होता. तरी त्याने तोच घडी पडलेला फॉर्म सरळ केला आणि आत सरकवला. कारकूनबाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला.

तासाभराने डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डावाही सावरतोय, उपचाराची गरज नाही. बायकोने त्यांना तेच पुन्हा एकदा सांगायला लावलं. तो तोंड फिरवून भिंतीकडे बघत उभा राहिला.