दारामागचे सहा खिसे

शिंपी मास्तरांच्या घरची गंमत सांगते. गिऱ्हाइकाच्या कमरेचं माप सूतभर चुकायचं नाही, पण पैसा कुठे गेला म्हणून विचारलं की मास्तर छताकडे बघायचे. बायको काजं-बटणं करायची, तिचीही तीच तऱ्हा. एक तारखेला हात सैल, आणि वीस तारखेनंतर वाण्याच्या दुकानासमोरून तोंड चुकवत जायचं.

असंच चाललं असतं. पण एका दुपारी मशीन जोरात धडधडत असताना शेजारी बसलेल्या सासूबाई, म्हणजे मास्तरांची आई, म्हणाल्या, "आज मशीन बंद का रे? काम नाही का?"

मास्तरांचा पाय जागच्या जागी थांबला. मशीन त्यांच्या वडिलांचं होतं. आईनं चाळीस वर्षं त्याच्या आवाजात संसार केला होता. दुसऱ्या दिवशी तिघं कानाच्या डॉक्टरकडे गेली. ऐकण्याच्या यंत्राची किंमत निघाली अठरा हजार, आणि सहा महिन्यांनी भाव वाढणार होता.

"खिसे शिवा," घरी आल्यावर बायको म्हणाली. "सहा."

मास्तरांनी उरल्यासुरल्या कापडांचे सहा खिसे एका पडद्यावर शिवले आणि पडदा दारामागे टांगला. भाडं, किराणा, वीज, औषधं, दोरे-बटणं, आणि सगळ्यात खाली आईच्या कानाचा लाल खिसा. पहिल्या तारखेला आधी लाल खिशात तीन हजार, मग बाकीच्यांत. खर्च रोज वहीत लिहायचा. एखादा खिसा कमी पडला तर वही दाखवूनच लाल खिशाला हात लावायचा.

तिला मजा वाटायला लागली. वाण्यासमोरून ताठ मानेनं जाता येत होतं. पण नवरा म्हणजे उधळ्या, कधी हात सुटेल नेम नाही, ही धाकधूक होतीच. आणि शिवणकामात हात मुरलेला. कपडा शिवताना शिवणीत इंचभर जास्तीचं कापड सोडायचं, म्हणजे पुढे अंगाला झालं नाही तर उसवता येतं. तिनं किराण्यात तसाच इंच सोडला. साखर शंभराची आली तर वहीत एकशेवीस लिहायचे आणि वीस तांदळाच्या डब्यात.

मग भांडणं सुरू झाली. "एवढी साखर खातं कोण?" मास्तर वही आपटून विचारायचे. "आणि दोरा काय सोन्याचा आणता?" ती उलट विचारायची. दोघं तावातावानं बोलायची आणि लाल खिशातून पैसे काढायची. सासूबाईंना शब्द ऐकू यायचा नाही. त्या नुसत्या बघत बसायच्या.

सहा महिने संपायला एक दिवस राहिला तेव्हा लाल खिशात तेरा हजार आठशे निघाले. बेचाळीसशे कमी. मास्तर पडद्याखालीच बसले. "माझ्यानं आईचा एवढा कान होईना," ते म्हणाले. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डब्यातलं सांगायला तिनं तोंड उघडलं.

तेवढ्यात सासूबाई उठल्या. त्यांनी तांदळाचा डबा आणून ठेवला. मग मास्तरांच्या कपाटातून बटणांची जुनी पेटी आणली आणि दोन्ही पालथी केली. तांदूळ, बटणं आणि नोटांचा ढीग झाला.

डब्यात बावीसशे पन्नास, पेटीत चोवीसशे.

"तुम्हीसुद्धा?" ती म्हणाली.

"तुझा हात सैल, म्हणून जरा जास्त लिहायचो," मास्तर म्हणाले आणि त्यांचे कान कोवळ्या पोरासारखे लाल झाले. लाल खिशासाठी दोघांनी चोरलं होतं, आणि किराण्याची नि दोऱ्यांची तूट भरून निघत होती ती लाल खिशातूनच. ती हसायला लागली ती थांबेचना. हसता हसता रडली. मास्तर तांदळातून बटणं वेचत हसत होते.

"दोघंही चोर," सासूबाई म्हणाल्या. "सहा महिने बघतेय."

दुसऱ्या दिवशी यंत्र कानात बसलं. घरी आल्या आल्या मास्तर मशीनवर बसले आणि पाय मारला. सासूबाई दारातच उभ्या राहिल्या. डोळे मिटले, गालांवरून पाणी यायला लागलं. ती धावत जाऊन त्यांचा हात धरून उभी राहिली.

"चाक करकरतंय," सासूबाई म्हणाल्या. "तुझे वडील असते तर ओरडले असते. तेल घाल."

तिनं वही उघडली. उरलेल्या साडेचारशेतून तेलाची बाटली, पंचेचाळीस. या वेळी पंचेचाळीसच लिहिले.